सोवळ्यात पहारा नको

मी, श्यामला वेणीमाधव पुराणिक, वय ४१ वर्षे, धंदा खासगी कार्यालयात हिशेबनीस, राहणार पंचवटी, नाशिक. आज रविवारी दुपारी, मला कोणी बोलावलेले नसताना, माझी मुलगी ओवी, वय ९ वर्षे, हिला सोबत घेऊन मी ठाण्यात हजर झाले आहे आणि महिला उपनिरीक्षक स्नेहल मॅडम यांच्यासमोर सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती वेणीमाधव, मुलगी ओवी, सासूबाई आणि दीर आल्हाद, वय ३८ वर्षे, असे एकत्र राहतो. पती पिढीजात उपाध्ये आहेत. बाहेरगावचे यजमान श्राद्धाला, अस्थी विसर्जनाला येतात ते आमच्याकडेच उतरतात. खालच्या दोन खोल्या त्यांच्यासाठीच आहेत. मोठी माणसे पतींबरोबर रामकुंडावर जातात आणि लहान मुले आमच्या घरी ठेवून जातात. ही पद्धत माझ्या लग्नाच्या आधीपासूनची आहे. गुरुजींचं घर, काळजी कसली, असे म्हणून ठेवून जातात.

माझा दीर आल्हाद यास लहान मुलीवरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात कोर्टाने शिक्षा दिलेली आहे. तो घरी मुलांना स्तोत्रे शिकवत असे, त्यातलीच ती मुलगी होती. शिक्षा पुरी भोगून तो मागच्या दिवाळीनंतर घरी आला. आमच्याकडे गुन्हा हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. 'ते दिवस' म्हणतात. यजमानांनी विचारले तर सासूबाई सांगतात, आल्हाद काशीला अध्ययनाला होता. त्याचा परिणाम असा झाला की तुरुंगातून आलेल्या माणसाच्या लोक वाकून पाया पडायला लागले. टाइप करणारे हवालदार भारत यांनी विचारले की हे पण लिहायचे का. हो, हे पण लिहायचे.

तो यायच्या आधी मी पतींना सांगितले होते की त्याला दुसरीकडे खोली बघा. सासूबाई म्हणाल्या, "पोटचं पोर रस्त्यावर टाकू का मी?" पती नेहमीप्रमाणे दोघींच्या मध्ये उभे, उपरणे नीट करत राहिले. मी म्हटले, ठीक आहे, येऊ दे, पण मग घरात नियम लागतील आणि ते सगळ्यांनी पाळायचे. अशा सुटून आलेल्या माणसांच्या घरच्यांना भेटून समजावणारी एक संस्था आहे. तिथल्या चैताली गांगुर्डे यांना मीच घरी बोलावले.

चैताली मॅडमनी सर्वांना समोर बसवून सांगितले. आल्हादही बसलेला होता, मान खाली घालून, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की तो कोणत्याही मुलाबरोबर एकटा राहता कामा नये, मग ते मूल घरचे असो की यजमानांचे. तो ज्या खोलीत असेल तिचे दार उघडे पाहिजे. मुलांना खाऊ देणे, जवळ घेणे, काही शिकवणे बंद. तो जागा असेल तोवर घरातल्या एका मोठ्या माणसाचे त्याच्यावर लक्ष पाहिजे, आणि आत्ता कोणाची पाळी आहे हे सगळ्यांना माहीत पाहिजे. येणाऱ्या आईबापांपासून लपवायचे नाही. आणि एक त्यांनी दोनदा सांगितले. पहारा मोठ्यांनी करायचा, मुलांवर टाकायचा नाही.

तेव्हा सासूबाईंनी विचारले, "आणि तो सोवळ्यात असेल तेव्हा?" चैताली मॅडमना नीट कळले नाही. सासूबाईंनी समजावले, की आंघोळ करून, सोवळे नेसून माणूस पूजेला बसला की त्याला कोणी शिवत नाही आणि तो कोणाला शिवत नाही. आई असो, मूल असो. चुकून शिवलेच तर पुन्हा आंघोळ आणि सगळे पहिल्यापासून. "तेवढा वेळ तर तो देवाच्या पहाऱ्यात असतो," असे त्या म्हणाल्या. चैताली मॅडम म्हणाल्या, आजी, नियमाला सुट्टी नसते. त्या गेल्यावर सासूबाईंनी त्यांचा चहाचा कप वेगळा काढून ठेवला, आणि त्यांचे बोलणेही त्या कपाबरोबरच बाजूला गेले. संध्याकाळी ठरले, सोवळ्यात पहारा नको. पती हो म्हणाले. आमच्यासारख्या घरात यात कोणालाच काही विचित्र वाटले नाही. ओवीला चालता यायला लागले तेव्हापासून आम्ही तिला शिवू नकोस, शिवू नकोस, हेच तर शिकवले. घरातले शेंबडे पोरही सोवळ्यातल्या माणसापासून फ्रॉक आवरून जाते.

स्नेहल मॅडमनी आत्ता विचारले की पहारा म्हणजे नक्की काय करत होतात. बाहेरून कोणाला दिसणार नाही असे काम आहे ते. भाजी चिरताना कान माजघरात ठेवायचा. तो जिन्यावरून उतरला की हातातले टाकून उगीच खाली जायचे. ओवीच्या मैत्रिणींना घरी येऊ नका म्हणायचे आणि कारण सांगायचे नाही. ऑफिसातून तीनदा फोन करायचा, ओवी कुठाय, तो कुठाय. खरे सांगते, मी कंटाळून गेले होते, आणि तो पूजेला बसला की मला निवांत श्वास घेता यायचा.

सुरुवातीला त्याची पूजा तासाभराची असे. मग पारायण सुरू झाले. मग दुसरे. श्रावणात तर तो सकाळी सोवळे नेसायचा ते जेवणाच्या पंगतीपर्यंत. सासूबाई शेजारीपाजारी सांगत फिरायच्या, माझा आल्हाद किती बदलला हो. पतीही म्हणायला लागले, बघ, सुधारला. कसला डोंबलाचा सुधारला! ज्या वेळात त्याच्याकडे कोणी बघत नाही तेवढाच वेळ तो वाढवत होता, आणि आम्ही त्याच्या ताटाभोवती रांगोळी काढत होतो.

आज सकाळी खानदेशाकडचे एक कुटुंब वडिलांच्या श्राद्धासाठी आलेले होते. नवरा, बायको आणि त्यांची लहान मुलगी. मुलीचे नाव मी इथे सांगत नाही, ते मॅडमना वेगळे दिले आहे. तिचे आईवडील पतींबरोबर रामकुंडावर गेले. मुलगी झोपाळ्यावर बसली होती. आल्हाद देवघरात सोवळ्यात होता. सासूबाई पडवीत वाती वळत होत्या. मी स्वयंपाकघरात वड्यांची डाळ मिक्सरवर वाटत होते. ओवी चित्रकलेच्या क्लासला गेलेली होती.

यापुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, ओवीने सांगितलेले आहे, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. ती क्लासहून आली तेव्हा झोपाळा रिकामा होता आणि देवघराचे दार लोटलेले होते. तिने फटीतून पाहिले. ती मुलगी काकाच्या पाटावर त्याला चिकटून बसलेली होती, काकाने तिला एका हाताने धरलेले होते आणि दुसऱ्या हाताने तो तिला प्रसादाचा पेढा भरवत होता. मुलगी रडत नव्हती. तिचे कपडे नीट होते. पण ओवी म्हणाली, "आई, तो सोवळ्यात होता ना? मग त्याने तिला धरलं कसं?" मोठ्यांना वर्षभरात जे कळले नाही ते तिला तेवढ्यावरून कळले.

तिने मला हाक मारली. मिक्सर चालू होता, मला ऐकू आली नाही. तिने पुन्हा मारली. मग ती पायात चपला तशाच घेऊन देवघरात गेली आणि काकाला शिवली. चुकून नाही. दोन्ही हात त्याच्या पाठीवर ठेवले आणि मोठ्याने ओरडली, "शिवले! मी शिवले काकाला!" आमच्या घरात आग लागली म्हणून ओरडले तर लोक सावकाश येतील. शिवले म्हटल्यावर सासूबाई गुडघे दुखत असतानाही धावत आल्या. ती मुलगी घाबरून पाटावरून उठली आणि बाहेर पळाली. म्हणजे माझ्या मुलीने जे करायचे ठरवले होते ते झाले.

मी पोचले तेव्हा सासूबाई ओवीचा दंड धरून उभ्या होत्या. "चपला घालून? देवघरात? कार्टे, लाज नाही वाटत?" असे चालले होते. त्या मुलीबद्दल एक शब्द नाही. ती आत काय करत होती, दार कोणी लोटले, काही नाही. आल्हाद शांतपणे म्हणाला, "असू दे आई, लहान आहे. मी पुन्हा आंघोळ करतो." आणि पंचा घेऊन गेला. जाताना ओवीकडे बघून हसला. ते हसणे मी पाहिले आहे आणि ते माझ्या जबाबात पाहिजे.

थोड्या वेळाने पती यजमानांना घेऊन परत आले. मी त्यांना जिन्याखाली बोलावून सगळे सांगितले. ते म्हणाले, "हळू बोल, यजमान घरात आहेत." मग म्हणाले, "पण झालं काय? काहीच झालं नाही ना?" मी म्हटले, झालं नाही कारण तुमची पोरगी पोचली. मागच्या खटल्यातही सुरुवात प्रसादानेच झाली होती. कोर्टाने निकालात ते वाचले तेव्हा घरातली मी एकटी आत बसले होते, बाकीच्यांना ऐकवले नाही म्हणून ते बाहेर गेले होते.

तेवढ्यात सासूबाईंनी निकाल दिला. सोवळे मोडले, ऐन श्राद्धाच्या दिवशी घरात अमंगल झाले, तेव्हा ओवीने काकाच्या पाया पडून माफी मागायची. आल्हाद नवे सोवळे नेसून, ओल्या केसांनी, समोर उभाच होता. ओवी म्हणाली, "त्यानेच तिला आधी धरलं होतं." सासूबाई म्हणाल्या, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. ओवीने बापाकडे पाहिले. बाप म्हणाला, "पड गं पाया, आणि विषय संपव."

मॅडम, वर्षभर मी कंटाळत का होईना पण राबले, ते त्याचा हात माझ्या मुलीपर्यंत पोचू नये म्हणून. आणि आज तिचा बाप तिचे डोके त्याच्या पायावर ठेवायला निघाला होता. मी ओवीचा हात धरला आणि गॅस बंद न करताच बाहेर पडले.

जाताना खालच्या खोलीत त्या मुलीच्या आईला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, मुलीला मांडीवर ओढले आणि विचारले, "पण ते काशीला होते ना? आजी म्हणाल्या." मी म्हटले, काशीला नाही, तुरुंगात होता.  मला वाटले आता थोबाडीत मारते, आणि मारली असती तर मी खाल्ली असती. ती आमच्याच रिक्षाने आली आहे, शेजारच्या खोलीत तिचा वेगळा जबाब चालू आहे. रिक्षात ती माझ्याकडून तोंड फिरवून बसली. तिच्या मुलीने मात्र सगळा रस्ता ओवीची ओढणी धरून ठेवली होती.

हवालदार भारत मध्येच म्हणाले, "ताई, सुदैवाने काही झालेलं नाही, तर घरातल्या घरात..." मी त्यांना विचारले, तुम्हाला मुलगी आहे का. त्यावर त्यांनी पुढचे टाइप करायला घेतले.

माझी मागणी अशी की, आल्हाद या क्षणी घरीच आहे आणि पूजेला बसलेला असेल. उद्या दुसरे यजमान उतरणार आहेत, त्यांच्यासोबत दोन लहान मुले आहेत, असे पती काल फोनवर बोलताना मी ऐकले आहे. त्यांचा नंबर पतींच्या फोनमध्ये आहे. तो घेऊन त्यांना आजच कळवावे. काशी सांगू नये. खरे सांगावे. चैताली गांगुर्डे यांनाही बोलावून विचारावे, त्यांनी आम्हाला काय सांगितले होते आणि आम्ही त्यातले काय सोयीने गाळले.

सुरुवातीला लिहिलेला माझा पत्ता खोडावा. यापुढे मी देवळाली कॅम्पात माझ्या भावाकडे राहणार आहे, समन्स तिकडे पाठवावे.

जबाब चालू असताना ओवी एकदा बाहेरच्या बाकावरून उठून आत आली. तिने मला कानात विचारले, "आई, आपण घरी गेलो की मला पाया पडायला लागेल का?" मॅडमनाही ते ऐकू गेले. त्यांनी मला विचारले की अजून काही सांगायचे आहे का. एवढेच सांगायचे आहे. माझी मुलगी त्या माणसाच्या पाया पडणार नाही. आज नाही, सणावाराला नाही, आजीची शेवटची इच्छा म्हणूनही नाही. हे सरकारी कागदावर लिहून ठेवा, म्हणजे उद्या मी जरी मऊ पडले तरी तिला दाखवायला राहील.

हवालदार भारत यांनी जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मी बोलले तेच यात आहे. फरक इतकाच की मी हे ओरडून सांगितले होते आणि कागदावर ते हळू आवाजात आले आहे. तरी मजकूर खरा आहे, म्हणून सही करते.

श्यामला वेणीमाधव पुराणिक