निळा धूर आणि तिसरं घड्याळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या संस्थेचे संचालक महोदय, बोगद्यांच्या कामातून वेळ काढून आलेले प्रमुख अभियंते, आजचे सत्कारमूर्ती आपले सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या काकू, आणि याच कारणासाठी इथे तिसऱ्यांदा जमलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

हो, तिसऱ्यांदाच. हसू नका, सरांच्या निवृत्तीच्या आधीच्या दोन्ही निरोपांना मीच बोलले होते. दोन्ही वेळा आपण डोळे पुसले, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि सोमवारी सर पुन्हा आपल्या खुर्चीत हजर. आज तर अध्यक्षांनी प्रास्ताविकातच जाहीर करून टाकलं की सरांनी आणखी एक वर्ष थांबावं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. काकूंनी वाजवल्या नाहीत. मी बघत होते.

नवख्यांसाठी थोडं सांगते. बोगद्यात आग लागली तर धूर कुठून कुठे जाईल, हे आम्ही संगणकावर आधीच घडवून बघतो. त्यातून बाहेर काय पडतं? नुसते आकडे. त्यांचं चित्र काढल्याशिवाय माणसं कुठल्या दारानं बाहेर काढायची, हे कुणाला कळणार? ते चित्र काढणारा प्रोग्रॅम सरांनी तरुणपणी स्वतः लिहिला. आम्ही त्याला 'चितारी' म्हणतो. चितारी फक्त सरांचं ऐकतो; आमच्यापैकी कुणी हात लावला की रुसून बसतो.

म्हणून नवं सॉफ्टवेअर निवडायला समिती नेमली. मीही तिच्यात आहे. एकाला फुकटचं हवं, दुसऱ्याला चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवणारं, तिसऱ्याला मोठ्या फायली न कुरकुरता उघडणारं. प्रत्येकानं आपापलं घोडं पुढे दामटलं. आणि गंमत अशी, की कुठल्याही सॉफ्टवेअरचं चित्र अभियंत्यांना दाखवलं की ते मान हलवायचे. धूर उलटा चाललाय, म्हणायचे. की निवड बारगळली, आमचं भिजत घोंगडं तसंच, आणि सरांना मुदतवाढ. सर तरी काय करणार? नाही म्हणणं त्यांना जमत नाही. "बोगद्यात माणसं असतात गं," एवढंच म्हणतात.

मध्यंतरी मी त्यांच्या घरी गेले होते. पहिल्या निरोपाच्या वेळी काकूंनी सगळं घर खोक्यांत भरलं होतं, लेकीच्या गावी कायमचं जायचं म्हणून. ती खोकी अजून तशीच दोरीनं बांधलेली आहेत. बाहेर दोन ताटं, एक पातेलं आणि चहाचं भांडं. मी जेवायला थांबले तर काकूंनी आपलं ताट मला दिलं आणि स्वतः मागून जेवल्या. भिंतीवर दोन घड्याळं मात्र शेजारीशेजारी. मी म्हटलं, काकू, एखादं खोकं तरी सोडा. "सोडलं तर इथेच राहिल्यासारखं होईल," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी सरांना विचारलं, चितारीचा धूर इतरांहून वेगळा का? सर हसले. पूर्वी कागदावर पेनांनी चित्र काढणारं यंत्र होतं. ऐन वेळी त्याचं लाल पेन वाळलं, दुसरं येईना, म्हणून त्यांनी सगळ्यात तापलेला धूर निळ्यानं काढून दिला. पुढे लाल पेन आलं, ते थंड हवेला दिलं. इतक्या वर्षांत तेच सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. कुठला रंग कशाचा, हे सांगणारी बाजूची रंगपट्टी वाचतो कोण? नवं सॉफ्टवेअर तापलेला धूर लाल दाखवायचं आणि आम्ही त्याला नापास करायचो. मी कपाळाला हात लावला.

अध्यक्ष महोदय, आता जरा धीरानं घ्या. तुमच्या उजव्या हाताला लावलेलं हे चित्र. मघाशी तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालात की चितारीशिवाय असं चित्र निघणं नाही. प्रमुख अभियंत्यांनीही चष्मा लावून पाहिलं आणि मान डोलावली. ते चितारीनं काढलेलं नाही. नव्या सॉफ्टवेअरनं काढलंय, त्या फुकटच्या. जुन्या चित्रांशी मी ते ताडून पाहिलंय. धूर जिथल्या तिथे आहे. फक्त रंग मी उलटे केले. तुम्ही ते सगळ्या सभागृहासमोर पसंत केलंत.

सरांना मात्र आत येतानाच कळलं. चित्रासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "निळा जमलाय. तुझ्याशिवाय आणखी कुणाला येतं हे?"

मी म्हटलं, कुणालाच नाही.

त्यांचा चेहरा उतरला. "मग आता तू अडकलीस."

मी या संस्थेत धुराचं गणित करायला आले, जन्मभर चित्रं काढायला नाही. गप्प बसले असते तर सुटले असते. पण एक वर्ष म्हटल्यावर काकूंनी मान खाली घातली, आणि मग माझ्याच्यानं राहवेना. तुम्ही सगळे आत्ता माझ्याकडे ज्या कौतुकानं बघताय ना, अगदी तसंच सरांकडे बघायचात. ती नजर माझ्या ओळखीची आहे. मला भीती वाटते तिची.

उद्या सकाळी मी माझ्या टेबलाशी दोन खुर्च्या आणखी ठेवणार आहे. हे शिकायला कोण कोण येणार? हात वर करा बघू.

एकही नाही? असो.

सर, तुम्ही निघा. काकू, ती दोन ताटंही भरा आता.

अध्यक्षांनी मला न थांबवता बोलू दिलं, पाहुण्यांनी निमूट ऐकून घेतलं, आणि तुम्ही कुणी मधेच चहाकडे पळाला नाहीत, याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जिभेवरून एखादा शब्द वावगा गेला असेल, तर पोटात घाला. आणि अध्यक्ष महोदय, आजचं घड्याळ सरांना जरूर द्या, पण माझ्यावर एक उपकार करा. चौथं मागवू नका.