नऊ नंबरची पोर

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी अजून लागायची होती. सुलक्षणा बाकावर पेंगत बसली होती, पण पाठीमागच्या बाकावर मायलेकींची जुंपली आणि तिची झोपच उडाली. लेकीच्या मांडीवर गोलकीपरचे हातमोजे होते.

“माय, पुढच्या मॅचला तू येऊ नको.”

“कसाले? रेफरीले आंधळा बोलनू म्हनीसन?”

“रेफरीला बोल. मला ढिली म्हण. पण समोरच्या टीमच्या त्या नऊ नंबरला काळी म्हैस का म्हणालीस?”

“ती गोल माराले धावनी ना! खेळमा बठ्ठा बोलतस.”

“खेळावरून बोलतात, माय. कातडीवरून नाही. मला शाळेत कोळसा म्हणायचे, तेव्हा तूच मास्तरांशी भांडायला आली होतीस.”



“ती रडनी का?”

“हाफटाइमला रडली. मी पाहिलं.”

“कथी शे ती?”

“ती काय, नळावर बाटली भरतेय. त्यांची गाडीही इथूनच आहे.”

चपला वाजल्या. सुलक्षणाने मान वळवली, तेव्हा ती बाई नळापाशी त्या पोरीचा हात हातात घेऊन उभी होती. थोड्या वेळाने ती परत आली.

“काय म्हणाली?”

“बोलनी, ‘मावशी, पुढच्या मॅचलाही या. ओरडा. फक्त नाव घेऊन ओरडा.’ हर्षाली नाव शे तिनं.”

“मग?”

“मी बोलनू, पक्कं. हर्षाली, पळ, मार गोल!”

“अगं माय, तेव्हाही तिच्यासमोर गोलात मीच असणार! तू येणार कोणासाठी?”

“तुन्हासाठे. तिले मारू दे, तू अडाव. मी दोन्हीसले ओरडसू.”