रविवारचे चार मिलीमीटर

नाही हो साहेब, जमीन नाही हलत – म्हणजे हलते, वर्षाला एकवीस मिलीमीटर, पण रोज थोडीथोडी, रविवार बघून नाही! तपासणीला आलात तर बसा ना. ती खुर्ची नको, पाय मोडलाय तिचा – हां, इथे. आता बघा, समोरची ती भली मोठी डिश, आकाशाच्या पार टोकाकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते. ती म्हणते एकवीस, सरळ रेघ. पलीकडचा लेसर उपग्रहावर उजेड मारतो, परत यायला किती वेळ लागला ते मोजतो – तोही म्हणतो एकवीस. रडारवाला उपग्रह बारा दिवसांनी वरून बघून जातो, वर-खाली नीट सांगतो, उत्तर-दक्षिण सरकलेलं मात्र त्याला धड दिसत नाही बिचाऱ्याला. आणि हा आमच्या क्वार्टरच्या गच्चीवरचा जीपीएसचा खांब, माझ्या ताब्यातला – हा दर रविवारी चार मिलीमीटर पश्चिमेला झुकायचा अन् सोमवारी गपचूप जागेवर! अकरा वर्षं. तुमच्या ऑफिसात म्हणे कुणी यावर निबंध लिहिला, जमिनीखालच्या पाण्यामुळे होतं म्हणून. पाणीच होतं साहेब. चादरींतलं.

आमची ही रविवारी धुणं काढायची. दोरीचं एक टोक टाकीच्या पाइपाला, दुसरं या खांबाला. मला माहीत होतं का? होतं की! पण घरात सांगणार कोण? मग तुमचं पत्र आलं – खांबाचे आकडे बाकीच्या यंत्रांशी जुळत नाहीत, खुलासा करा – आणि मी घाबरलो, कात्री घेतली, दोरी कापली. ओल्या चादरी सगळ्या धुळीत. ती ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "जमीन वर्षाला एकवीस मिलीमीटर सरकते, तुम्ही माझ्यासाठी तेवढंही नाही सरकलात." बॅग भरली, बहिणीकडे गेली. सात महिने झाले. आलेख कसा सुतासारखा सरळ झाला, बघितलात ना? मला शाबासकीचं पत्रसुद्धा आलं.

काय? गेले तीन रविवार? अं – वारा असेल. नाही, वारा नाही. मीच. नवी दोरी आणली, जाड. चादरी मीच धुतो, पिळायला जमत नाही, म्हणून पाणी जास्त – पाच मिलीमीटर आले? तरीच! तिला फोनवर सांगितलं, दोरी बांधलीय. तिनं एवढंच विचारलं, चिमटे जागेवर आहेत का.

अहो, अहो – गाठीला हात लावू नका! खुलासा देतो, बदली करा, काय वाटेल ते करा. पण उद्या रविवार आहे. चला, उतरा खाली. मला चिमटे पुसायचेत.