पुन्हा म्हणा

मास्तरीण : नाही, चित्राकडे बघून सांगा, काका. माझ्या तोंडाकडे नको.

काका : परीक्षेला साहेब समोरच बसलेला असणार ना? मग त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही?

मास्तरीण : तो चित्र दाखवेल. तुम्ही चित्रातलं सांगायचं. माणसं कुठे बसलीत?

काका : ऑन रेड चेअर्स.

मास्तरीण : रेड की रेड्स?

काका : रेड. आता नाही फसत मी. खुर्ची लाल, खुर्च्याही लाल. लालला काही फरक पडत नाही.

मास्तरीण : आणि मोठ्या खुर्च्यांवर बसली असती तर?

काका : ऑन बिग चेअर्स. आपलं 'मोठा' म्हणजे आमच्या जुन्या मालकासारखं, समोर कोण आलंय बघून बदलणार. मोठा, मोठी, मोठ्या. इंग्रजीतली विशेषणं सगळी लालच्या जातीची. पुढे एक येवो नाहीतर शंभर, ढिम्म.

मास्तरीण : हं. आणि 'वर' कुठे गेलं?

काका : पुढे. आपण शेपटीला लावतो, ते डोक्यावर घेतात. आधी ऑन, मग रंग, मग खुर्च्या, आणि एस फक्त खुर्च्यांना. झालं, मास्तरीणबाई?

मास्तरीण : पुन्हा म्हणा.

काका : ऑन रेड चेअर्स.

मास्तरीण : पुन्हा. जरा सावकाश.

काका : अगं, किती सावकाश? तोवर माणसं उठून घरी जातील.

मास्तरीण : बरं, पुढचं चित्र. ही बाई भांडी घासता घासता दार उघडायला आलीय. कशी आलीय?

काका : विथ वेट हँड्स. ओल्या हातांनी. तुझी काकू अशीच यायची. दाराच्या कडीला कायम साबण. मी ओरडायचो, कडी गंजेल म्हणून. आता बघ, कशी लख्ख आहे.

मास्तरीण : ...पुन्हा म्हणा.

काका : विथ वेट हँड्स.

मास्तरीण : आणि हा बाकावरचा म्हातारा?

काका : अ मॅन विथ फॉल्स टीथ.

मास्तरीण : त्याचे दात खोटे आहेत हे चित्रात कुठे दिसतं?

काका : तुला नसेल दिसत. वरचे पुढचे बघ, सगळे एका मापाचे. देव इतका नीटनेटका नसतो. जन्मभर कवळ्या केल्यात मी. आणि इथे एस लावायचा नाही, तेही लक्षात आहे. हजारो माणसांचे दात केले, पण अनेक दातांना टूथ्स म्हणत नाहीत हे तू सांगितलंस तेव्हा कळलं.

मास्तरीण : फोन वाजतोय तुमचा.

काका : चिरंजीव असणार. आज तारखेचं सांगायचं होतं ना त्याला. थांब, आवाज मोठा करतो, तूही ऐक. हां, बोल रे.

मुलगा : बाबा, जेवलात का?

काका : अजून उजेड आहे इथे. आत्ता कोण जेवतं?

मुलगा : बरं, ऐका. तुमच्या परीक्षेची पुढच्या महिन्यातली जागा धरून ठेवलीय. आज होकार कळवला नाही तर जाते ती. मग पुढची एकदम वर्षाच्या शेवटी. आणि परीक्षा झाल्याशिवाय तुम्हाला इकडे राहायची परवानगी मिळत नाही. त्या शिकवणाऱ्या बाई आहेत का तिथे?

मास्तरीण : आहे, दादा.

मुलगा : मग तुम्हीच सांगा. बाबांना विचारलं की ते म्हणतात, ती म्हणेल तसं. मागची तारीखही तुम्ही म्हणालात म्हणून सोडली. या वेळी तयार आहेत का ते?

मास्तरीण : बोलतात. पण... विशेषण आणि अनेकवचन एकत्र आलं की अजून अडखळतात. त्यात आधी ऑन, विथ काही असलं की जास्तच. मला वाटतं, आणखी थोडा वेळ द्यावा.

मुलगा : अरेरे. मला वाटलं होतं या वेळी जमेल. पण नापास झाले तर पुन्हा बसायला फार रखडवतात. ठीक आहे, तुम्ही रोज शिकवता, तुम्हालाच माहीत. बाबा, मग सोडतो ही जागा.

काका : लगेच नको. थोड्या वेळाने फोन कर, मग काय ते सोड.

मुलगा : का? काय झालं?

काका : चहा उतू चाललाय. ठेव.

मास्तरीण : चहा ठेवलेलाच नाही, काका.

काका : माहितेय. कुठे टोचतंय?

मास्तरीण : काय?

काका : कवळी बसत नाही म्हणून कोणी परत आलं की मी एवढंच विचारायचो. बोट लावून दाखवा, कुठे टोचतंय. तेवढंच घासून द्यायचो. आता तू दाखव. मघाशी मी कुठे अडखळलो?

मास्तरीण : उच्चार जरा...

काका : त्याला तू उच्चार नाही म्हणालीस. विशेषण म्हणालीस. लाल खुर्च्या चुकल्या?

मास्तरीण : नाही.

काका : ओले हात?

मास्तरीण : बरोबर होते.

काका : दात?

मास्तरीण : तेही.

काका : मग 'पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा' कशासाठी? मला वाटायला लागलं होतं, माझा कान गेला. अंथरुणात पडल्या पडल्या पुटपुटत बसायचो, कुठे चुकतंय, कुठे चुकतंय.

मास्तरीण : काका...

काका : मागची तारीख?

मास्तरीण : तेव्हा खरंच येत नव्हतं.

काका : खरंच?

मास्तरीण : निम्मं येत होतं. मनावर घेऊन सराव करून घेतला असता तर जमलं असतं.

काका : म्हणजे तेव्हाही. तेव्हा नात रांगत होती. आता घरभर पळते. फोनवर मी दिसलो की आईच्या मागे लपते, हा कोण बाबा म्हणून.

मास्तरीण : मी बघितलंय. मागच्या आठवड्यात मी इथेच बसले होते.

काका : बघूनसुद्धा? तुला यातून मिळतं तरी काय?

मास्तरीण : मी दिवसभर काय करते, माहितेय तुम्हाला?

काका : पाणी तपासतेस.

मास्तरीण : नळांचं पाणी बाटल्यांतून येतं. मी थेंब टाकते, रंग बदलतो का बघते, आकडा लिहिते. खोलीत मी आणि यंत्र. काम झालं की यंत्र शिट्टी देतं. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलत असेल तर ते तेवढंच. मग इथे यायचं, जिना चढायचा. राहायला आले तेव्हा कुलूप उघडताना मी मुद्दाम किल्ल्या वाजवायचे. कोणीतरी खालून विचारेल, आलीस का गं, म्हणून.

काका : मी विचारलं होतं.

मास्तरीण : तुम्ही विचारलंत, शिकलेली दिसतेस, इंग्रजी येतं का?

काका : हं. तसंच काहीतरी म्हणालो असेन.

मास्तरीण : आजवर एक आकडा मी खोटा लिहिलेला नाही, काका. बाटली सांडली तर सांडली म्हणून लिहिते. आणि इथे तुमचं उत्तर बरोबर आलं की वाटायचं, आज एकदा तरी चुकू दे यांचं. नाही चुकलं की तोंडातून आपोआप निघायचं, पुन्हा.

काका : अगं, मग तसं सांगायचं होतंस.

मास्तरीण : काय सांगणार? जाऊ नका म्हणू? मी कोण तुमची?



काका : वरची भाडेकरू.

मास्तरीण : तेच म्हणतेय मी.

काका : मी रागावलोय, हे लक्षात ठेव. आता खरंच चहा ठेवतो, पण रागावलोय.

मास्तरीण : मला नको चहा.

काका : विचारलं नाही तुला. सांगितलं. साखर कुठे ठेवली मी... आणि काय गं, किल्ल्या कसल्या वाजवत बसायच्या? दार वाजवायचं. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची बायको एकटीच असते संध्याकाळची. बोलायला लागली की आवरत नाही. मी लांबून जातो.

मास्तरीण : तुम्ही लांबून जाता, आणि मी जाऊ?

काका : माझी दोन वाक्यांत दमछाक होते. तू तरणीताठी आहेस, सोसेल तुला.

मास्तरीण : हसवू नका. मला आत्ता हसायचं नाहीये.

काका : मग रड. पण इकडे बघ. मला जायचंय, पोरी. तुझ्यावर रागावून नाही. हे घर संध्याकाळी तू येईपर्यंत मलाही खायला उठतं. पण तू येतेस तासाभरासाठी, आणि नात तिकडे माझ्यावाचून मोठी होतेय.

मास्तरीण : कळतंय मला. आधीही कळत होतं, हेच वाईट आहे.

काका : घे, फोन वाजला.

मास्तरीण : घ्या ना तुम्ही.

काका : मी म्हटलं जमतंय, तर त्याला वाटेल म्हातारा हट्टाला पेटलाय. विश्वास तुझ्यावर आहे त्याचा. तूच बोल.

मास्तरीण : हॅलो, दादा.

मुलगा : बाबा कुठेत? बरे आहेत ना?

मास्तरीण : बरे आहेत. चहा गाळतायत. ती जागा सोडू नका. होकार कळवून टाका.

मुलगा : अहो, पण मघाशी तर तुम्हीच म्हणालात...

मास्तरीण : मघाशी मी खोटं बोलले.

मुलगा : म्हणजे? जमतं त्यांना?

मास्तरीण : जमतं. बरेच दिवस झाले, जमतंय.