तुबलीच्या गोदामातलं दुसरं पिंप

मी देवगडकडचा, खाडीकाठच्या वाडीतला, आणि आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्याकडे बायकांना अंगारे विकणारा एक बुवा होता, त्याच्याविरुद्ध मी कॉलेजात असताना पत्रकं लिहिली, घरोघरी वाटली, मार खाल्ला, परत वाटली. तेव्हा हे जे सांगतोय ते बुवाबाजी म्हणून लिहू नका. जसं झालं तसं लिहा.

बाप मच्छीमार, मी खलाशी झालो, मालवाहू जहाजावर. जहाजावर आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, भिकूमामा, मालवणचा, सदतीस वर्षं समुद्रावर, आणि ही त्याची शेवटची खेप. माल काय, तर वाइन. बाटल्या नव्हेत, लाकडी पिंपं, बावीस, सगळ्यांना शिशाचं सील. इथे बहारीनला, सीफ भागातल्या एका हॉटेलात ती दर्शनी मांडायची होती. आम्हाला जहाजावर थेंब घ्यायची बंदी, आणि आम्ही घेतली नाही, हे दहादा लिहा.

बहारीन दिसायच्या आधी इंजिन बंद पडलं. ऑगस्टचे दिवस, वारा मेलेला, पाणी पांढरं, आकाश पांढरं, मध्ये रेघच नाही, आपण तरंगतोय की टांगलेत ते कळत नव्हतं. तीन दिवस तसे. काय सांगू तुम्हाला, माणसं बोलायची थांबली, कारण आवाज कुठे जातच नव्हता, तोंडापाशीच राहायचा. चौथ्या दिवशी ऐन दुपारी भिकूमामा उठला आणि गाऱ्हाणं घालायला, म्हणजे देवाला साकडं घालायला, उभा राहिला. आमच्याकडे जागेच्या राखणदाराला नारळ लागतो, बाटली लागते. जहाजावर दोन्ही नाही. मग मामाने तळातल्या पहिल्या पिंपावर हात ठेवला आणि म्हणाला, बा म्हाराजा, हय जो कोण राखणदार आसात त्येका सांगतंय, ह्यां तुझां, माका ह्यातलो थेंब नको, माझ्या झिलग्यांका सुखरूप किनाऱ्याक लाव. आम्ही सगळे व्हय म्हाराजा म्हणालो. मीही म्हणालो, सवयीने. पिंप कुणी उघडलं नाही. तासाभरात इंजिन लागलं.

बंदरात माल उतरला तेव्हा ते पिंप एका माणसाने उचललं. रिकामं. सील शाबूत, बूच शाबूत, खाली डाग नाही. बूच काढलं तर आतलं लाकूड वर्षानुवर्षं उन्हात पडल्यासारखं पांढरं, वाइनचा वासच नाही, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा वास.

नुकसान तपासणारा सर्वेयर आला, गोरा. आम्ही म्हणालो, साहेब, लाकूड पितं, उन्हाने माल उडतो. तो हसला, म्हणाला एवढा? मग भिकूमामाचा जबाब. इंग्रजी मलाच येत होतं, भाषांतर मी केलं. मामा म्हणाला, मी तां पिंप दिलंय. कोणाला, सर्वेयरने विचारलं. जेचो समुद्र तेका. मी जसंच्या तसं सांगितलं, अक्षर न गाळता, प्रामाणिकपणाचा माज होता मला. त्याने एवढंच लिहिलं, सारंगाने पिंप दिल्याचं कबूल केलं. मामाने खाली सही केली, कारण त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. झालं. मामाचा पासपोर्ट काढून घेतला, केस, प्रवासबंदी.

मामाला भाषा येत नाही म्हणून मीही थांबलो, आणि इथल्याच तुबली भागात गॅरेजांच्या मागे एका खोलीत आम्ही दोघं राहिलो. मी म्हणालो, मामा, जबाब फिरव, म्हण की नुसतं बोललो. तो म्हणाला, झिला, दिलेलां परत घेवचां नसतां. मान खाली घालून भाजी चिरत बसला.

बाकीची पिंपं जवळच्याच गोदामात होती. तिथला वॉचमन युसूफचाचा, इथल्याच बुसैतीन गावचा, आजोबा मोती काढणारे पाणबुडे. त्याला मी हिंदीत सगळं सांगितलं, वाटलं हसेल. तो म्हणाला, खलास, जो दे दिया वो दे दिया, पर दोबारा उसका नाम मत लेना.

मी नेमकं तेच केलं. सर्वेयरला बोलावलं, म्हणालो, तुमच्या हाताने एक पिंप तोला, तुमचं सील लावा, किल्ली तुमच्या खिशात ठेवा, मला फक्त एकदा हात लावू द्या. त्याला गंमत वाटली. भर दुपारी त्याच्यासमोर मी पिंपावर तळवा ठेवला आणि म्हणालो, हेही तुझं, भिकूमामाला सोड, माणूस हवा असेल तर मी आहे. शेवटचं का बोललो माहीत नाही. बोलायचं ठरवलं नव्हतं. व्हय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं, पण पिंपाच्या आतून घोट गिळल्यासारखा एकच आवाज आला. सर्वेयरनेही ऐकला, त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

तीन दिवसांनी त्याने स्वतः कुलूप काढलं. काट्यावर पिंप पिसासारखं. सील त्याचंच.

आणि आता ऐका, रिपोर्टमध्ये काय लिहिलं त्याने? नैसर्गिक घट. दोन्ही पिंपांची! आम्ही घसा फोडून तेच सांगत होतो तेव्हा आम्ही चोर. त्यांच्या कुलपात घडलं की ते नैसर्गिक. भुताचं ऐकतील हे लोक, खलाशाचं ऐकणार नाहीत. मामाचा जबाब रद्द झाला, पासपोर्ट मिळाला, मामा घरी गेला.

मी इथेच, तुबलीत, एका गॅरेजात कामाला. दोनदा लीव्ह मंजूर झाली. एकदा विमानतळावर तापाने पडलो, दुसऱ्यांदा चेक-इनच्या रांगेत पाय उचलेचनात. गॅरेजात वजनकाटा आहे, दर शुक्रवारी मी उभा राहतो. कमी होतंय. जेवतो चांगला. डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल, म्हणाला इथल्या उन्हाने होतं असं. मीही तेच म्हणतो, ऊन आहे. फक्त दुपारी बाराला तोंडाला ओहोटीचा वास येतो.

मामाचा फोन येतो. परवा म्हणाला, झिला, तुझ्यासाठी गाऱ्हाणां घालतंय, बदल्यात काय देऊ सांग. मी म्हणालो, मामा, काही देऊ नकोस, कुणालाच काही देऊ नकोस. तू नातवंडांत बस, माशाचं कालवण खा, सुखात राहा. माझं मी बघतो.