कोरडी सिलिका

योरीन : पूड अजून पिवळीच.

वीत्से : तुझा ओला रेनकोट माझ्या खुर्चीवर आहे.

योरीन : कालव्यावरचा पूल होडीसाठी वर उचलला होता, भिजत थांबले. वाळूचा पडाव चालला होता, सावकाश.

वीत्से : ताक संपलंय.

योरीन : शुक्रवारी प्रबंध द्यायचाय, वीत्से. तू ताकाचं काय घेऊन बसलायस? नळीत बघ.

वीत्से : बघतोय. वर प्लॅटिनम, मध्ये पांढऱ्या सिलिकाचा थर, खाली तुझी पिवळी पूड. हायड्रोजन चालू. प्लॅटिनमवर सुटे झालेले अणू खालपर्यंत पोचले तर पूड निळी व्हायला हवी. पिवळी ती पिवळीच.

योरीन : मार्गदर्शक बाई म्हणाल्या, एकदाच दिसलेलं प्रबंधात चालत नाही. चौथं प्रकरण काढून टाक म्हणाल्या. तीन वर्षं त्यातच गेली माझी.

वीत्से : गेल्या नोव्हेंबरात झाली होती की निळी.

योरीन : झाली होती ना? मला आता स्वतःचाच भरवसा वाटत नाही.

वीत्से : तू मला मिठी मारलीस आणि माझं ताक सांडलं. स्वेटरवर डाग आहे अजून.

योरीन : तेव्हापासून तर आणखी जपून करतेय. नव्या नळ्या घेतल्या. सिलिका रात्रभर भट्टीत भाजते. छिद्रांत ओलाव्याचा लवलेश ठेवत नाही.

वीत्से : इतकी कोरडी?

योरीन : तुझ्या आईच्या केकइतकी.

वीत्से : आईला सांगतो. पण मग तो अणू जाणार कशावरून? प्लॅटिनमवर रेणू फुटला, सुटा अणू काठाशी आला, पुढे सगळं कोरडंठाक. कालवा उपसून टाकायचा आणि होडी का हलत नाही म्हणून रडत बसायचं.

योरीन : पाणी हवं म्हणतोस?

वीत्से : मला काय माहीत. तुझा पडाव कशावरून चालला होता?

योरीन : हायड्रोजन पाण्याच्या बाटलीतून सोडून बघते.

वीत्से : बघ. तोवर मी ताक घेऊन येतो.

(बाटलीतल्या बुडबुड्यांचा आवाज. मग दाराचा.)

योरीन : दार लाव आणि इकडे ये. थराला लागून हिरवट दिसतंय, का मलाच भास होतोय?

वीत्से : हिरवट होतं. आता निळं आहे. खाली उतरतंय बघ.

योरीन : ओरडू नकोस. दुसऱ्या नळीत प्लॅटिनम घातलेलं नाही. हाच ओला वायू तिच्यात सोडते. ती पिवळी राहिली तरच खरं.

वीत्से : बरं. मी गप्प.

योरीन : पिवळी आहे.

वीत्से : अजून?

योरीन : अजून पिवळीच. बाईंना बोलाव, वीत्से. त्यांनी या वेळी स्वतः बघायला हवं.

वीत्से : केक आईला करायला सांगू?

योरीन : मी विकतचा आणते. ताक लांब ठेव, मी मिठी मारणार आहे.

वीत्से : गेल्या नोव्हेंबरात आपली भट्टी बंद पडलेली होती.