फळ्यावरचं आडनाव

रक्तपेढीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. वरच्या मजल्यावर त्यांच्या नवऱ्याचं ऑपरेशन चालू होतं. एक अनोळखी माणूस येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"वहिनी, रक्त द्यायला आलोय. बाहेर रक्त हवं असलेल्यांच्या फळ्यावर आपलं आडनाव वाचलं."

"आपलं? तुमचं बोलणं तर परक्या मुलखातलं वाटतंय."

"समुद्रापलीकडचा आहे मी. तिकडे दर तिसरं घर याच आडनावाचं. मीठ विकणाऱ्यांचं आडनाव आहे ते."

"आमचे पूर्वज दरबारात वैद्य होते. मीठबीठ कुणी विकलं नाही."

"असेल. पण या शहरात फोनच्या यादीत शोधलं, तर दोनच घरं निघाली. एक माझं, एक तुमचं."

"म्हणजे आमचं घर शोधून काढलंत? कशासाठी?"

"नवा होतो. कुणी आपलं सापडतंय का, बघत होतो."

"मग कधी आला नाहीत ते?"

"आलो होतो, वहिनी. तुम्ही दाराची साखळी काढली नाहीत."

तेवढ्यात नर्स कागद घेऊन बाहेर आली.

"रक्त कोण देतंय? पेशंटशी नातं काय लिहू?"

"दीर लिहा," बाई म्हणाल्या. "आणि यांचा पत्ता नीट लिहून घ्या."